सुरतेची 'एकशे आठ' : रुग्णवाहिकेची मिनिटे कोठे हरवतात?

महाराष्ट्रातील शाळकरी मुलाला सुरत हे नाव प्रथम इतिहासाच्या पुस्तकात भेटते. १६६४ आणि १६७० या दोन सनांशी ते जोडलेले असते, आणि परीक्षा संपली की बहुधा विसरलेही जाते. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांतील खेड्यांना मात्र ते विसरता येत नाही. पावसाने हुलकावणी दिली, शेतीत भागेनासे झाले, की घरातील एखादा कर्ता मुलगा ताप्ती खोऱ्याच्या रेल्वेने सुरतेची वाट धरतो, हा खानदेशचा जुना परिपाठ आहे. उधना, लिंबायत, नवागाम, डिंडोली, गोडादरा, पांडेसरा या वस्त्यांतून फिरणाऱ्याच्या कानी मराठी आणि अहिराणी सतत पडत राहते. यंत्रमाग, रंगाई-छपाईच्या गिरण्या, साड्यांचे बाजार आणि बांधकामे येथे ही मंडळी राबतात. राबणाऱ्या माणसाला अपघात आणि आजार चुकत नाहीत. गावापासून दूर, एका खोलीत चौघे-सहाजण राहत असताना मध्यरात्री कुणाच्या छातीत कळ आली, तर ज्याची आशा धरावी असे वाहन बहुधा एकच असते. सुरतेत त्याला 'एकसो आठ' म्हणतात, आपल्याकडे 'एकशे आठ'.

या वाहनात दोन माणसे असतात. ती कोणते काम करतात, कशाने गांजतात आणि त्यांच्या हातून निसटणारी मिनिटे नेमकी कोठे निसटतात, याची माहिती सुरतेत नातेवाईक असलेल्या प्रत्येक घराला असणे इष्ट आहे. रुग्णवाहिकेला उशीर होतो तो वाहतुकीच्या गर्दीत, असा सर्वसाधारण समज आहे. तो खोटा नाही, पण अपुरा आहे. कामाचा क्रम बारकाईने पाहिला असता असे दिसते की रस्त्यावर मिनिटे जातात तशीच ती रस्त्याच्या दोन्ही टोकांना जातात : एक टोक रुग्णाच्या दारात, दुसरे रुग्णालयाच्या दारात.

सेवेची घडण

जखमीला वैद्यापर्यंत नेण्याऐवजी वैद्यकीय मदतच जखमीपर्यंत न्यावी, ही कल्पना रणांगणावर जन्मली. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंच सैन्यातील शल्यविशारद डोमिनिक लारे याने हलक्या, वेगवान घोडागाड्या सिद्ध करून लढाई चालू असतानाच जखमींना उचलण्याची व्यवस्था केली. भारतात एका क्रमांकावर चालणारी, मोफत आणि चोवीस तासांची अशी व्यवस्था मोठ्या प्रमाणावर प्रथम आंध्र प्रदेशात, हैदराबाद येथे १५ ऑगस्ट २००५ रोजी सुरू झाली. गुजरातेत ती २९ ऑगस्ट २००७ रोजी आली. त्याच्या वर्षभर आधी, ऑगस्ट २००६ मध्ये, उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तापीला महापूर येऊन सुरतेचा बहुतांश भाग पाण्याखाली गेला होता. त्या पुरात 'एकशे आठ' नव्हती. तोपर्यंत रुग्णालयांच्या, महापालिकेच्या आणि धर्मादाय संस्थांच्या गाड्या होत्या, पण त्यांचे क्रमांक निरनिराळे. सामान्य माणूस रुग्णाला रिक्षात, टेम्पोत, प्रसंगी हातगाडीवर घालून नेत असे.

महाराष्ट्रात ही सेवा २०१४ साली ९३७ वाहनांनिशी सुरू करण्यात आली. दोन्ही राज्यांत एक फरक आहे आणि तो लक्षात घेण्याजोगा आहे. आपल्याकडे वाहनात डॉक्टर असावा अशी योजना आहे. गुजरातेत वाहनासोबत आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञ असतो. त्याला सारे 'ईएमटी' म्हणतात. चालकाला तेथे 'पायलट' म्हणण्याचा प्रघात आहे, आणि तो केवळ गाडी हाकणारा नसून स्ट्रेचरचे दुसरे टोक धरणारा माणूसही तोच असतो. डॉक्टर अहमदाबादेतील केंद्रात बसलेला असतो आणि दूरध्वनीवरून तंत्रज्ञास सूचना देतो. सेवा शासनाची, चालविणारी संस्था वेगळी आणि कर्मचारी त्या संस्थेचे, अशी ही भागीदारी असल्याने गणवेषातील हा माणूस शासकीय नोकर नसतो. लोक मात्र सरकारवरचा सगळा राग त्याच्यावरच काढतात.

पाळी बारा तासांची. वाहन जेथे उभे राहते त्या जागेला हे लोक 'लोकेशन' म्हणतात. पाळी सुरू होताच ऑक्सिजनचा दाब, शोषणयंत्र, मानेचे पट्टे, प्रसूतीचे साहित्य, औषधांच्या मुदती, टायर आणि इंधन तपासून नोंदवहीत सही करावी लागते. पाळी सुटायच्या दहा मिनिटे आधी कॉल आला तर तो नाकारता येत नाही. चूल पेटवून वाट पाहणारी घरची माणसे हे समजून घ्यायला शिकतात, असे म्हणावे लागेल. दुसरा इलाज नसतो.

पहिले टोक : पत्ता

लिंबायतमधून कुणी १०८ हा क्रमांक फिरवतो तेव्हा त्याला उत्तर देणारी व्यक्ती सुरतेत नसते. संपूर्ण राज्याचे कॉल अहमदाबादेतील एकाच केंद्रात घेतले जातात, म्हणजे अडीचशे किलोमीटरांहून अधिक दूर. कॉल करणाऱ्याला हे ठाऊक नसते. तो श्वास न घेता सांगतो, "नीलगिरीला या, लवकर या," आणि फोन ठेवून देतो. त्याच्या दृष्टीने नीलगिरी सर्कल साऱ्या जगाला माहीत असते. केंद्रातील कर्मचाऱ्याला प्रथम जिल्हा कळावा लागतो, मग शहर, मग भाग, मग जवळची खूण. ते प्रश्न सुरू झाले की पलीकडचा माणूस चिडतो : "माणूस मरतोय आणि तुम्ही चौकशा काय करता?"

येथे एक गैरसमज दूर होणे अगत्याचे आहे. ठिकाण कळले की जवळच्या वाहनास निरोप जातो. पुढचे प्रश्न विचारले जात असताना वाहन निघालेलेही असू शकते. रुग्ण शुद्धीवर आहे का, श्वास चालू आहे का, रक्त कोठून वाहते आहे, ही माहिती तंत्रज्ञाला वाटेतच मिळाली म्हणजे तो दारात उतरताना योग्य पिशवी हाती घेऊन उतरतो. न मिळाली तर चार जिने चढून गेल्यावर कळते की ऑक्सिजन खाली राहिला. कॉल करणाऱ्याने फोन बंद करणे किंवा तो दुसऱ्याला फोन लावण्यात गुंतवणे, हा आणखी एक नित्याचा त्रास आहे. पायलट वळणावर उभा राहून पुन:पुन्हा तोच क्रमांक लावतो आणि तो व्यस्त असतो, कारण कॉल करणारा त्या वेळी गावाकडे बातमी कळवीत असतो.

सुरतेत भाषेची अडचण वेगळीच. यंत्रमागावर ओडिशाच्या गंजाम जिल्ह्यातील कामगार आहेत, तेलंगणातून आलेले पद्मशाली विणकर आहेत, उत्तर प्रदेश, बिहार आणि राजस्थानचे लोक आहेत, हिऱ्यांच्या कारखान्यांत सौराष्ट्रातील कारागीर आहेत. महापालिकेच्या शाळा गुजरातीबरोबरच मराठी, हिंदी, उर्दू, ओडिया आणि तेलुगू माध्यमांतूनही चालतात, यावरूनच या शहराची वीण ध्यानात यावी. नुकताच आलेला कामगार आपल्या वस्तीचे नाव मुकादमाच्या नावावरून ओळखतो. 'अमुक शेठच्या खात्यामागे' हा पत्ता कोणत्याही नकाशावर सापडत नाही.

दुसरे असे की मागांच्या कारखान्यात खडखडाट एवढा असतो की फोनवरचे बोलणे ऐकू येत नाही. कॉल करणाऱ्याने बाहेर येऊन बोलावे, ही साधी गोष्ट. पण घाबरलेल्या माणसाला ती सुचत नाही. कुणीतरी सुचवावी लागते.

आणि मग गल्ली. सुरतेचा जुना भाग, म्हणजे गोपीपुरा, भागळ, नानपुरा या बाजूंच्या शेऱ्या, घोडागाडीच्या काळात आखलेल्या. नव्या कामगार वस्त्याही रुंद नाहीत. दोन्ही बाजूंना दुचाक्या, मध्ये भाजीची गाडी, वर लोंबणाऱ्या तारा. वाहन तोंडाशी थांबते आणि पुढचे अंतर स्ट्रेचर घेऊन पायी तोडावे लागते. घर तिसऱ्या मजल्यावर, जिना एका माणसाच्या रुंदीचा, वळणावर स्ट्रेचर वळत नाही. मग रुग्णाला खुर्चीत बसवून किंवा चादरीच्या झोळीत घालून उतरवायचे. दोन माणसांच्या बळावर हे जमत नाही, शेजाऱ्यांचे हात लागतात. चौकात एखादा माणूस वाट दाखवायला उभा राहिला आणि गल्लीतील दुचाक्या कुणी आधीच बाजूला केल्या, तर पाच-सात मिनिटे सहज वाचतात. त्या पाच-सात मिनिटांचे मोल किती ते पुढील गोष्टीवरून कळेल. हृदय बंद पडल्यावर चार ते सहा मिनिटांत मेंदूच्या पेशींना इजा होऊ लागते. छातीवर दाब देण्याची क्रिया कुणीच केली नाही, तर जगण्याची शक्यता दर मिनिटास सात ते दहा टक्क्यांनी घटत जाते. एवढ्या अवधीत कोणतीही रुग्णवाहिका, कोणत्याही देशात, प्रत्येक दारी पोहोचू शकत नाही. म्हणून पहिला हात घरातल्याचा किंवा शेजाऱ्याचाच असावा लागतो. छातीच्या मध्यभागी दोन्ही तळहात एकावर एक ठेवून मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाब देत राहणे, ही क्रिया माध्यमिक शाळेतील मुलांनाही शिकविता येते. केंद्रातील कर्मचारी ती दूरध्वनीवरून सांगू शकतो. मात्र त्यासाठी फोन चालू असला पाहिजे.

हात पुढे का येत नाहीत

शेजारी मागे सरतात ते निर्दयतेने नव्हे. "पोलिसांचे झंझट कोण लावून घेणार" ही भीती खोल रुजलेली आहे. तिला आता आधार उरलेला नाही. १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असे सांगितले की, पोलिसांची कागदपत्रे होईपर्यंत जखमीवर उपचार रोखून धरता येणार नाहीत. अपघातग्रस्तास मदत करणाऱ्याला त्रास होऊ नये म्हणून केंद्राने घालून दिलेल्या मार्गदर्शक सूचनांना याच न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी बंधनकारक स्वरूप दिले. पुढे २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यातच कलम १३४-अ घालण्यात आले. त्यानुसार मदत करणाऱ्यास आपले नाव सांगण्याचीही सक्ती करता येत नाही. गावचे सरपंच आणि पोलीस पाटील यांनी ही तरतूद ग्रामसभेत वाचून दाखविली, तर तिचा उपयोग महामार्गालगतच्या प्रत्येक गावास होईल.

गर्दीचा त्रास याच्या उलट बाजूचा. जेथे दोन हात हवेत तेथे कोणी नसते, आणि जेथे मोकळी हवा हवी तेथे शंभर माणसे वाकून पाहत असतात. जखमीला पाणी पाजणे, उठवून बसविणे, मान धरून हलविणे हे सारे चांगल्या हेतूने होते आणि त्यातून मणक्याची इजा वाढते. यंत्रात बोट तुटले तर तुटलेला भाग थेट बर्फात टाकण्याची चूक अनेक ठिकाणी होते. तो स्वच्छ ओलसर फडक्यात गुंडाळून, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, मग ती पिशवी बर्फावर ठेवावयाची असते. यंत्रमागांच्या आणि कारखान्यांच्या शहरात ही माहिती भिंतीवर लावून ठेवण्याच्या योग्यतेची आहे.

कित्येकदा जमावाला सेवकांची कृती कठोर वाटते. ६ जानेवारी २०२२ रोजी सचिन औद्योगिक वसाहतीत टँकरमधील रसायनापासून निघालेल्या विषारी वायूने सहा जणांचा बळी घेतला आणि अनेकांना रुग्णालयात दाखल करावे लागले. अशा ठिकाणी धावत आत शिरणे हे शौर्य ठरत नाही. जागा सुरक्षित असल्याचे अग्निशामक दलाने सांगेपर्यंत रुग्णवाहिकेने वाऱ्याच्या विरुद्ध बाजूस थांबावे, असा नियम आहे. कारण सेवकच कोसळले तर रुग्णांची संख्या दोनाने वाढते आणि मदत करणारे दोन कमी होतात. बाहेर उभ्या असलेल्या नातेवाइकांना हा हिशेब पटत नाही, आणि त्यांचा दोषही देता येत नाही. मोठ्या दुर्घटनेतील निवडही तशीच. २४ मे २०१९ रोजी सरथाणा भागातील तक्षशिला आर्केड या इमारतीला आग लागून २२ जण दगावले; त्यांत बहुतेक खाजगी शिकवणीला आलेली मुले होती. एकाच वेळी इतके जखमी असतात तेव्हा जो ओरडतो त्याच्याकडे आधी जायचे नसते. ओरडणाऱ्याचा श्वास चालू आहे एवढे तरी निश्चित असते. जो शांत पडला आहे त्याच्याकडे आधी पाहायचे, आणि ज्याला वाचविणे शक्य नाही त्याला मागे ठेवायचे. हे शिक्षण पुस्तकात अर्ध्या पानाचे आहे. प्रत्यक्षात पार पाडणाऱ्याला त्याची झोप द्यावी लागते.

वाटेवरची मिनिटे

रस्त्याविषयी थोडक्यात. तापीवरील पुलांमुळे सुरत जोडली गेली आहे, पण पुलाच्या तोंडाशी सकाळ-संध्याकाळ गाड्यांचा गठ्ठा होतो. २०२१ नंतर मेट्रोच्या कामामुळे अनेक मुख्य रस्ते अरुंद झाले. पावसाळ्यात लिंबायतच्या गरनाळ्यात, म्हणजे रेल्वेखालच्या बोगद्यात, पाणी साचते, मिठी खाडी फुगते आणि एरवी दहा मिनिटांचा रस्ता वळसा घालून अर्ध्या तासाचा होतो. १४ आणि १५ जानेवारीला उत्तरायणाच्या पतंगांचा मांजा दुचाकीस्वारांच्या गळ्यावर उतरतो, मुले गच्चीवरून पडतात. त्या दिवसांत या सेवकांना रजा मागण्याचा विचारही करता येत नाही. दिवाळीत हिऱ्यांचे कारखाने बंद होऊन शहर अर्धे रिकामे होते, तेव्हा कॉल शहरातून महामार्गाकडे सरकतात.

आपत्कालीन वाहनाला वाट न देणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-ई खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, असा गुन्हा आहे. गणेशविसर्जनाच्या मिरवणुकीत हजारोंचा समुदाय सायरन ऐकताच दुभंगून वाट करून देतो, हे दृश्य गुजरातेत आणि महाराष्ट्रात दोन्हीकडे दिसते. तीच माणसे दुसऱ्या दिवशी सिग्नलला दोन फूट जागा सोडत नाहीत, हे कोडे कायद्याने सुटण्यासारखे वाटत नाही. त्याहून वैताग आणतात ते रुग्णवाहिकेच्या मागोमाग वाट काढणारे दुचाकीस्वार. पायलटला एकाएकी ब्रेक लावायचा असतो तेव्हा आरशात आधी त्यांनाच पाहावे लागते.

एक प्रसंग मात्र असा असतो की पायलट आपणहून गाडी थांबवतो. उमरपाड्यासारख्या दूरच्या वनभागातून किंवा शहराबाहेरच्या एखाद्या वीटभट्टीवरून प्रसूतीसाठी निघालेल्या स्त्रीला वाटेतच कळा अनावर होतात. धावत्या वाहनात प्रसूती करणे धोक्याचे, म्हणून गाडी रस्त्याच्या कडेला घेतली जाते, नातेवाईक बाईला आत ठेवून बाकीचे बाहेर थांबतात, तंत्रज्ञ एका कानाला फोन लावून अहमदाबादच्या डॉक्टरांच्या सूचना घेत काम पुरे करतो. बाळ रडले की बाहेरच्यांना कळते. या सेवेतील माणसांशी बोलू लागावे तर तक्रारींनंतर ती हमखास अशा एखाद्या रात्रीची गोष्ट सांगतात.

दुसरे टोक : रुग्णालयाचे दार

मजुरा गेटजवळील नवे सिव्हिल रुग्णालय आणि महापालिकेचे उमरवाड्यातील स्मीमेर ही सुरतेची दोन मोठी सार्वजनिक रुग्णालये. साऱ्या जिल्ह्याचा आणि शेजारच्या जिल्ह्यांचा भार त्यांच्यावर येतो. नंदुरबार-नवापूरकडील रुग्णही तेथे पाठविले जातात. देशातील कोणत्याही मोठ्या सरकारी रुग्णालयाप्रमाणे अपघात विभागात गर्दी झाली म्हणजे खाट लगेच रिकामी नसते. रुग्ण रुग्णवाहिकेच्याच स्ट्रेचरवर राहतो. स्ट्रेचर सुटल्याखेरीज वाहन सुटत नाही, आणि वाहन सुटल्याखेरीज पुढच्या कॉलला ते 'उपलब्ध' दाखविता येत नाही. पांडेसऱ्यात कुणी तरी "गाडी अजून का येत नाही" म्हणून तळमळत असतो, त्याची गाडी सायरन बंद करून रुग्णालयाच्या अंगणात उभी असते. या मिनिटांबद्दल कोणी ओरडत नाही, कारण ती कुणाला दिसत नाहीत. दोन-चार अधिक स्ट्रेचर, रुग्ण ताब्यात घेणारा एक नेमलेला परिचर आणि कागदपत्रांची सुटसुटीत पद्धत, यांनी ती कमी होऊ शकतात. रुग्णालयांच्या व्यवस्थापनाशी संबंध येणाऱ्या अधिकारी वर्गाने याचा विचार करण्यासारखा आहे.

नातेवाईक नसलेला रुग्ण ही सुरतेची खास अडचण. कामगार खोलीत एकटा आढळतो, सोबती पाळीवर गेलेले, खिशात ओळखपत्र नाही. "सोबत कोण आहे?" या प्रश्नाला तंत्रज्ञालाच उत्तर द्यावे लागते. खिशातील पैसे, मोबाइल, अंगठी यांची मोजणी करून ती पोचपावतीवर सोपवायची असते. महिधरपुरा आणि वराछाच्या मिनी बाजारात हिऱ्यांचे दलाल कागदाच्या पुड्यांतून माल खिशात घालून हिंडतात. असा माणूस रस्त्यात कोसळला तर त्याच्या खिशात काय आहे हे रुग्णवाहिकेतील दोघांना आणि देवालाच ठाऊक असते. तेव्हा मोजणी दोघांनी मिळून आणि शक्य तर त्रयस्थासमक्ष करण्याची रीत पडली आहे, ती योग्यच होय.

सर्वांत कटू प्रसंग तो, जेव्हा पोहोचण्यापूर्वीच सारे संपलेले असते. तंत्रज्ञाला मृत्यू घोषित करण्याचा अधिकार नाही, तो डॉक्टरचा. मृतदेह वाहून नेणे हे या वाहनाचे काम नाही, त्यासाठी शववाहिका असते. हे दोन्ही नियम योग्य आहेत, पण रडणाऱ्या आईसमोर ते सांगणारा माणूस निष्ठुर ठरतो. शिव्या, धक्काबुक्की, काचा फुटणे हे प्रकार अशाच वेळी घडतात. त्यातून उतरून गाडी धुऊन पुसून पुढच्या कॉलला जायचे असते, आणि तो कॉल दाढदुखीचा निघतो. रुग्णवाहिकेला फुकट टॅक्सी समजणारे आणि गंमत म्हणून क्रमांक फिरवणारे लोक प्रत्येक शहरात आहेत. गमतीच्या कॉलमध्ये मुलांचा वाटा मोठा असतो, असे या क्षेत्रातील लोक सांगतात; हे शिक्षकांनी मनावर घेण्याजोगे आहे.

गावाकडच्या घरासाठी

आता खानदेशातील वाचकांच्या उपयोगाचे. सर्पदंश, विषबाधा आणि अपघात यांत गावी असो वा सुरतेत, काही गोष्टी सारख्याच आहेत. साप चावल्यावर चीर देऊ नये, तोंडाने विष ओढू नये, दोरी करकचून आवळू नये. तो अवयव स्थिर ठेवून रुग्णाला चालू न देता रुग्णालयात न्यावे. पिकावरचे औषध पोटात गेले असेल तर त्याची बाटली किंवा वेष्टन सोबत द्यावे. उलटी करविण्याचा खटाटोप करू नये.

१०८ हा क्रमांक दोन्ही राज्यांत एकच असला तरी केंद्रे वेगळी आहेत. महाराष्ट्रातून लावलेला कॉल महाराष्ट्राच्या केंद्राकडे जातो. सुरतेत मुलाला अपघात झाला म्हणून शिरपूर किंवा साक्री येथून बापाने १०८ फिरवला, तर सुरतेची गाडी हलत नाही, आणि हे समजेपर्यंत बहुमोल वेळ निघून जातो. त्याने सुरतेतील शेजाऱ्यास फोन करून त्याच्याकडून क्रमांक लावून घ्यावा. नवापूर-उच्छल या सीमेवर आणखी एक गुंता आहे. तेथे मोबाइल कोणत्या राज्याच्या मनोऱ्याला लागला आहे त्यावर कॉल कोणत्या केंद्रात जाईल हे ठरू शकते. नवापूरचे रेल्वे स्थानकच अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत आहे, तेव्हा मनोऱ्याने गफलत केली तर नवल नाही. तेथील माणसाने पहिल्याच वाक्यात राज्य, जिल्हा, तालुका आणि गाव ही चार नावे सांगावीत, तक्रार नंतर.

सुरतेला मुलगा, भाऊ किंवा जावई असलेल्या घराने एका कागदावर त्याचा पुरा पत्ता लिहून ठेवावा : सोसायटीचे नाव, घर क्रमांक, गल्ली, जवळची शाळा किंवा देऊळ, विभाग आणि पिनकोड. त्याखाली खोलीतील सोबत्याचा आणि शेजाऱ्याचा दूरध्वनी क्रमांक असावा. हाच मजकूर गुजराती किंवा हिंदी लिपीत त्याच्या सुरतेच्या खोलीत दाराच्या आतल्या बाजूस चिकटवावा, म्हणजे शेजारच्या ओडिया किंवा तेलुगू कामगारालाही तो दुसऱ्याकडून वाचवून घेता येईल. गावातील शिक्षकांनी चौथी-पाचवीच्या मुलांकडून पत्र लिहिण्याच्या तासाला असा कागद करून घेतल्यास खर्च काहीच नाही. मुलाला काकाचा पत्ता पाठ नसतो, तो विचारायला घरी जातो, आणि बहुतेक घरांत असे आढळून येते की तो नीट कुणालाच सांगता येत नाही.